गाडी कोणी चालवायची? – ‘फेन्सेस’मधले बापलेक आणि प्रतिनिधित्वाचा प्रश्न

सप्टेंबर १९९० मध्ये ‘न्यूयॉर्क टाइम्स’मध्ये अमेरिकन नाटककार ऑगस्ट विल्सन यांचा एक लेख छापून आला. त्यांच्या ‘फेन्सेस’ या नाटकावर हॉलिवुडला चित्रपट काढायचा होता. हक्क विकले गेले होते, पैसे मिळाले होते, पण चित्रपट पुढे सरकत नव्हता. कारण विल्सन एका अटीवर अडून बसले होते आणि ती अट त्यांनी लेखाच्या मथळ्यातच मांडली होती : मला कृष्णवर्णीय दिग्दर्शक हवा.

ही मागणी वरकरणी चमत्कारिक वाटते. ‘फेन्सेस’ हे बाप आणि मुलगा यांच्या दुराव्याचे नाटक आहे. मुलाच्या वाटेत उभा राहणारा बाप आणि बापाच्या सावलीतून सुटू पाहणारा मुलगा कुठल्या समाजात नाहीत? मग असे नाटक पडद्यावर आणायला दिग्दर्शक अमुक वर्णाचा कशाला हवा? त्या काळी अनेकांनी हा प्रश्न विचारला आणि त्यात सगळेच वंशद्वेष्टे होते असे नाही.

या वादाचा इतिहास तपासताना एक गोष्ट लक्षात येते. प्रतिनिधित्वाचा जो प्रश्न विल्सन हॉलिवुडला विचारत होते, तोच प्रश्न त्यांच्या नाटकातला बाप पहिल्याच प्रवेशापासून विचारत असतो. बापलेकाचा दुरावा आणि प्रतिनिधित्वाचा हक्क हे या नाटकात दोन वेगळे विषय नाहीतच. एकाच्या पोटातून दुसरा निघालेला आहे.

नाटकातली कचरागाडी

नाटकाचा काळ १९५७ चा. स्थळ पेनसिल्व्हेनिया राज्यातल्या पिट्सबर्ग शहराची कृष्णवर्णीय वस्ती. ट्रॉय मॅक्सन हा त्रेपन्न वर्षांचा सफाई कामगार आपल्या घराच्या अंगणात बसून जिम बोनो या जुन्या मित्राशी गप्पा मारतो आहे. दिवस पगाराचा, शुक्रवारचा. बोलण्याचा विषय असा, की ट्रॉयने साहेबांना एक प्रश्न विचारला आहे. कचरागाडीवर कचरा उचलणारे सगळे काळे आणि गाडी चालवणारे सगळे गोरे, हे का? प्रश्न युनियनपर्यंत जातो. नोकरी जाईल अशी भीती बोनोला वाटते. पण निकाल ट्रॉयच्या बाजूने लागतो आणि त्याला चालकाची जागा मिळते. गंमत अशी, की त्याच्याजवळ गाडी चालवण्याचा परवानाही नसतो.

याच माणसाचा मुलगा कोरी शाळेत फुटबॉल खेळतो. फुटबॉल म्हणजे अर्थातच अमेरिकन फुटबॉल. तो इतका चांगला खेळतो, की नॉर्थ कॅरोलायनातल्या एका कॉलेजचा माणूस त्याला घ्यायला तयार आहे. खेळाच्या जोरावर कॉलेजचे शिक्षण मिळणार आहे. हवी आहे ती फक्त बापाची सही. ट्रॉय सही देत नाही. खेळात गोरा माणूस तुला पुढे जाऊ देणार नाही, त्यापेक्षा किराणा दुकानातली नोकरी धर, हाताला काही काम शीक, असे त्याचे म्हणणे आहे. मुलाने नोकरी सोडली आहे हे कळल्यावर तो शाळेत जाऊन प्रशिक्षकाला सांगतो, की हा यापुढे खेळणार नाही. मुलाच्या आयुष्याची वाट तिथे बंद होते.

पुढे दुरावा वाढत जातो. ट्रॉयचे दुसऱ्या एका बाईशी, अल्बर्टाशी, संबंध आहेत हे उघड होते. ती बाळंतपणात मरते आणि तिची तान्ही मुलगी घेऊन तो बायकोच्या, रोजच्या, दारात उभा राहतो. शेवटी बापलेकांत बेसबॉलच्या बॅटवरून झटापट होते आणि कोरी घराबाहेर पडतो. शेवटचा प्रवेश १९६५ चा. बाप मेला आहे. सैनिकाच्या गणवेशात आलेला कोरी आईला सांगतो, मी अंत्ययात्रेला येणार नाही.

कामावर ‘काळ्याने गाडी का चालवू नये’ असे विचारणारा ट्रॉय आणि घरात ‘काळ्याला खेळात कोण विचारतो’ असे म्हणणारा ट्रॉय ही एकाच माणसाची दोन रूपे आहेत. जो हक्क त्याने स्वतःसाठी भांडून मिळवला, त्याच हक्काच्या शक्यतेवर तो मुलाच्या बाबतीत विश्वास ठेवू शकत नाही. हे समजून घ्यायचे तर बेसबॉलचा इतिहास पाहावा लागतो.

साल कुठले आहे, यावरचे भांडण

एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपासून १९४७ पर्यंत अमेरिकेच्या मुख्य बेसबॉल स्पर्धांत कृष्णवर्णीय खेळाडूंना प्रवेश नव्हता. तसा लेखी नियम नव्हता. मालकांनी आपापसांत पाळलेला तो अलिखित करार होता. म्हणून कृष्णवर्णीयांनी स्वतःचे संघ आणि स्वतःच्या स्पर्धा उभ्या केल्या. त्यांना ‘नीग्रो लीग’ म्हणत. पिट्सबर्ग हे या खेळाचे मोठे केंद्र होते. पिट्सबर्ग क्रॉफर्ड्स आणि होमस्टेड ग्रेज हे दोन नामांकित संघ याच परिसरातले. या दोन्ही संघांतून खेळलेला जोश गिब्सन हा त्या काळचा अफाट ताकदीचा फलंदाज. जानेवारी १९४७ मध्ये वयाच्या पस्तिसाव्या वर्षी तो पिट्सबर्गमध्ये वारला. त्यानंतर तीन महिन्यांनी, १५ एप्रिल १९४७ रोजी, जॅकी रॉबिन्सन ब्रुकलिन डॉजर्सकडून मैदानात उतरला आणि बंद दार उघडले.

ट्रॉय हा नीग्रो लीगमध्ये खेळलेला फलंदाज आहे. दार उघडले तेव्हा तो चाळिशी ओलांडून गेला होता. तुमचे वय उलटून गेले होते, असे बायको त्याला सांगते. ट्रॉयला ते मान्य नाही. त्याच्या मते खेळणाऱ्याला खेळू द्यायला हवे होते, ‘लवकर’ किंवा ‘उशीर’ असे काही असायलाच नको होते. त्याचे म्हणणे अगदीच निराधारही नाही. सॅचेल पेज हा नीग्रो लीगचा दिग्गज गोलंदाज १९४८ मध्ये, वयाच्या बेचाळिसाव्या वर्षी, मुख्य स्पर्धेत प्रथम खेळला होता.

बापलेकांचा वाद याच जागी पेटतो. कोरी वर्तमानपत्रातली नावे सांगतो. मिलवॉकी ब्रेव्ह्ज या संघाकडून हँक आरन खेळतो आहे, वेस कव्हिंग्टन खेळतो आहे. ट्रॉय उत्तर देतो की पिट्सबर्गच्या संघातल्या पोर्तो रिकोच्या पोराला, म्हणजे रोबेर्तो क्लेमेंतेला, रोज खेळवत नाहीत. दोघांकडे पुरावे आहेत. १९५७ साली आरनच्या ब्रेव्ह्जनी अजिंक्यपद जिंकले हे खरे. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये आर्कन्सॉ राज्यातल्या लिटल रॉक गावी नऊ कृष्णवर्णीय विद्यार्थ्यांना शाळेत सोडण्यासाठी सैन्य पाठवावे लागले, हेही खरे. मुलगा दार उघडलेले पाहतो आणि बाप त्या दाराशी उभे असलेले पहारेकरी पाहतो. म्हणजे हे भांडण मुळात साल कुठले आहे यावरचे आहे. बापाच्या लेखी अजून १९३९ चालू आहे, मुलाच्या लेखी १९६० उजाडायला आले आहे.

हा इतिहास ठाऊक नसेल तर ट्रॉय एक हेकट, मुलावर जळणारा बाप वाटतो. ठाऊक असेल तर त्याचा अन्याय अन्यायच राहतो, पण तो कुठून आला ते दिसते. अलीकडच्या एका घटनेने या व्यथेला उशिराची साक्ष मिळाली. १९२० ते १९४८ या काळातल्या नीग्रो लीगच्या स्पर्धांना मुख्य स्पर्धांचा दर्जा देत असल्याचे अमेरिकन बेसबॉल संघटनेने डिसेंबर २०२० मध्ये जाहीर केले. मे २०२४ मध्ये त्यांचे आकडे अधिकृत विक्रमांत मिसळले. तेव्हा कारकिर्दीतल्या फलंदाजीच्या सरासरीत जोश गिब्सन .३७२ या आकड्यासह पहिल्या क्रमांकावर आला आणि टाय कॉब हा गोरा विक्रमवीर दुसऱ्या क्रमांकावर गेला. गिब्सनला मरून सत्याहत्तर वर्षे झाली होती.

बापाचा बाप

ट्रॉय आपल्या बापाची हकीकतही सांगतो. बाप अलाबामात गोऱ्या जमीनदाराची जमीन अर्धेलीने कसणारा. कापूस काढायचा आणि कर्ज फेडता फेडता मरायचे, एवढेच त्याचे आयुष्य. घरात माया नव्हती. चौदा वर्षांच्या ट्रॉयला त्याने एका मुलीवरून मारले आणि मग स्वतःच त्या मुलीच्या अंगाशी झोंबू लागला. ट्रॉयने बापावर हात उचलला, मार खाल्ला आणि घर सोडले. दोनशे मैल चालत तो मोबीलला पोहोचला आणि तिथून उत्तरेकडे आला. पिट्सबर्गमध्ये काम नव्हते, घर नव्हते. तो पुलाखाली राहिला. चोऱ्या करता करता हातून एक माणूस मेला आणि पंधरा वर्षांचा तुरुंगवास घडला. बेसबॉल तो तुरुंगात शिकला, बोनोही तिथेच भेटला.

ही एकट्या ट्रॉयची गोष्ट नव्हे. १९१० च्या दशकापासून पुढच्या साठ वर्षांत सुमारे साठ लाख कृष्णवर्णीय माणसे दक्षिणेकडची शेते सोडून उत्तरेकडच्या शहरांत आली. इतिहासात याला ‘महास्थलांतर’ म्हणतात. शहरांत त्यांना वस्त्या मिळाल्या, पण त्याही कायमच्या नव्हत्या. विल्सन ज्या हिल डिस्ट्रिक्टमध्ये वाढले, त्या वस्तीचा खालचा भाग १९५६ पासून पाडायला सुरुवात झाली. पंचाण्णव एकर जमीन मोकळी करण्यात आली, सुमारे आठ हजार माणसे उठवली गेली आणि तिथे मोठे क्रीडागृह उभे राहिले. ट्रॉय आपल्या अंगणाला कुंपण घालत असतो ते नेमके याच सुमारास. नाटकात या पाडकामाचा गाजावाजा नाही. पण घर सांभाळण्याची त्याची धडपड या पार्श्वभूमीवर वाचली, की कुंपणाच्या लाकडांना वेगळे वजन येते. हे घरही त्याने स्वतःच्या कमाईतून घेतलेले नाही. महायुद्धात डोक्याला जखम होऊन मन दुबळे झालेल्या गेब्रिएल या भावाला मिळालेल्या भरपाईच्या पैशांतून ते घेतले आहे. याची टोचणी त्याला कायम आहे.

अशा माणसाला प्रेमाची भाषा येत नाही, त्याला कर्तव्याची भाषा येते. तुम्हाला मी कधी आवडलोच नाही का, असे कोरी विचारतो तेव्हा ट्रॉय त्याला पोटाला अन्न आणि डोक्यावर छप्पर यांचा हिशेब ऐकवतो. मूल आवडलेच पाहिजे असा कायदा कुठे आहे, असे उलट विचारतो. हा प्रवेश ऐकताना मराठी वाचकाला आपल्या गिरणगावातले, रेल्वेच्या चाळींतले बाप आठवल्याशिवाय राहत नाहीत.

नाटककाराचे बाप

कृष्णवर्णीय दिग्दर्शकासाठी हटून बसलेले विल्सन जन्माने एका गोऱ्या बापाचे मुलगे होते. २७ एप्रिल १९४५ रोजी ते जन्मले तेव्हा त्यांचे नाव फ्रेडरिक ऑगस्ट किटल. वडील जर्मन वंशाचे, बेकरीत काम करणारे, घरात क्वचितच असणारे. आई डेझी विल्सन कृष्णवर्णीय. सहा मुले तिनेच वाढवली. १९६५ मध्ये वडील वारले. त्याच वर्षी या वीस वर्षांच्या मुलाने वीस डॉलरला जुना टंकलेखक विकत घेतला आणि आईचे आडनाव स्वीकारले. ‘फेन्सेस’मध्ये ट्रॉय मरतो ते सालही १९६५ च.

दुसरे वडील म्हणजे आईने नंतर केलेले पती, डेव्हिड बेडफर्ड. विल्सनने शाळेतला फुटबॉल सोडला तेव्हा ते फार नाराज झाले होते. का, ते त्यांच्या मृत्यूनंतर कळले. बेडफर्ड स्वतः शाळेत उत्तम फुटबॉलपटू होते आणि खेळाच्या शिष्यवृत्तीवर डॉक्टर व्हायचे स्वप्न पाहत होते. काळ्या मुलाला ती कोणी दिली नाही. मग ते वाईट मार्गाला लागले, एका दरोड्यात त्यांच्या हातून खून झाला आणि तेवीस वर्षे तुरुंगात गेली. नाटकात विल्सनने हे नाते उलटे केले. तिथे मुलगा खेळू पाहतो आणि बाप अडवतो.

तिसरा माणूस शेजारी राहणारा. चार्ली बर्ली हे पिट्सबर्गचे नामांकित मुष्टियोद्धे. जागतिक अजिंक्यपदासाठी लढण्याची संधी त्यांना कधीच मिळाली नाही. पुढे ते शहराच्या कचरागाडीवर कामाला होते.

जन्मदात्याचे नाव टाकून आईचे नाव घेणारा हा मुलगा मराठी वाचकाला परका वाटू नये. शरणकुमार लिंबाळे यांचे ‘अक्करमाशी’ १९८४ मध्ये प्रसिद्ध झाले, म्हणजे ‘फेन्सेस’ रंगभूमीवर येण्याच्या एक वर्ष आधी. उच्च जातीचा बाप आणि दलित आई असलेल्या मुलाला शाळेत बापाचे नाव काय लावायचे हा प्रश्न तिथे आहे. या दोघांनी एकमेकांचे काही वाचले होते असे सुचवायचे नाही. वर्ण असो की जात, जन्मावरून माणसाची जागा ठरवणाऱ्या समाजात बापाचे नाव हा केवळ घरगुती प्रश्न राहत नाही, एवढेच यातून दिसते.

दिग्दर्शकाची खुर्ची

‘फेन्सेस’चा पहिला प्रयोग ३० एप्रिल १९८५ रोजी येल रेपर्टरी थिएटरमध्ये झाला. २६ मार्च १९८७ रोजी ते ब्रॉडवेवर आले. ट्रॉयच्या भूमिकेत जेम्स अर्ल जोन्स होते. नाटकाला पुलित्झर आणि टोनी हे दोन्ही मान मिळाले. पहिल्या वर्षात सुमारे एक कोटी दहा लाख डॉलरचा गल्ला जमला, संगीतिका नसलेल्या नाटकाचा तो विक्रम होता. दिग्दर्शक होते लॉइड रिचर्ड्स. १९५९ मध्ये लॉरेन हॅन्सबेरी यांचे ‘अ रेझिन इन द सन’ बसवणारे, ब्रॉडवेवरचे पहिले कृष्णवर्णीय दिग्दर्शक ते हेच. रंगमंचावर ‘गाडी’ आपल्या माणसाच्या हाती होती.

पडद्यावरचा अनुभव निराळा होता. ‘अ रेझिन इन द सन’वर १९६१ मध्ये निघालेला चित्रपट डॅनिएल पेट्री या गोऱ्या दिग्दर्शकाचा. अ‍ॅलिस वॉकर यांच्या ‘द कलर पर्पल’ या कादंबरीवरचा १९८५ चा चित्रपट स्टीव्हन स्पीलबर्ग यांचा. नट काळे, लेखक काळे, कथा काळ्यांची आणि दिग्दर्शकाच्या खुर्चीत गोरा, ही हॉलिवुडची रूढ मांडणी होती. ट्रॉयने कचरागाडीवर पाहिलेली मांडणी हीच. उचलणारे काळे, चालवणारे गोरे.

पॅरामाउंट कंपनीने १९८७ मध्ये एडी मर्फी या लोकप्रिय नटासाठी ‘फेन्सेस’चे हक्क घेतले. दिग्दर्शक म्हणून बॅरी लेव्हिन्सन यांचे नाव पुढे आले. विल्सनने नकार दिला. केवळ काळा आहे म्हणून कोणाला काम द्यायचे नाही, असे मर्फी म्हणाले, तेव्हा माझेही तेच मत आहे, असे विल्सनने उत्तर दिले. त्यांचा मुद्दा कातडीच्या रंगाचा नव्हता. या घरातली माणसे कशी बोलतात, कशाला हसतात, कुठे गप्प बसतात आणि ते गप्प बसणे कुठून आले, हे ज्याला आतून माहीत आहे असा माणूस त्यांना हवा होता. वंशाचा नव्हे तर संस्कृतीचा निकष लावून आपण गोरा दिग्दर्शक नाकारतो आहोत, असे त्यांनी स्पष्ट लिहिले.

स्टुडिओतली अडचण वेगळी होती. सर्वांत चांगला माणूस हवा, असे तिथे सांगितले जाई, पण चांगला कोण हे ठरवण्याची मोजपट्टी आधीच्या कामाची होती. ज्यांना कामच दिले गेले नाही त्यांचे आधीचे काम कुठून दाखवणार? चालवण्याचा अनुभव नाही म्हणून गाडी द्यायची नाही आणि गाडी दिली नाही म्हणून अनुभव नाही, असे हे चक्र होते.

सेल्समनचे कुटुंब कुठले?

सहा वर्षांनी, जून १९९६ मध्ये, प्रिन्स्टन येथे भरलेल्या नाट्यसंस्थांच्या परिषदेत विल्सनने बीजभाषण केले आणि हा वाद आणखी रुंदावला. नटाचा वर्ण न पाहता कुठलीही भूमिका देण्याची पद्धत तेव्हा उदारमतवादी आणि पुरोगामी मानली जाई. विल्सनने तिच्यावरच हल्ला चढवला. त्यांनी उदाहरण घेतले ते आर्थर मिलर यांच्या ‘डेथ ऑफ अ सेल्समन’चे. हे अमेरिकेतले सर्वांत गाजलेले बापलेकाच्या दुराव्याचे नाटक. गोऱ्या संस्कृतीच्या तपशिलांतून माणसाचा शोध घेणारे हे नाटक संपूर्ण कृष्णवर्णीय संचात करणे म्हणजे आमचा स्वतःचा इतिहास नाकारणे होय, असे त्यांचे म्हणणे होते. मोठ्या व्यावसायिक नाट्यसंस्थांच्या संघटनेच्या ६६ सभासदांपैकी कृष्णवर्णीयांची संस्था एकच आहे, हेही त्यांनी दाखवले. आम्हाला उसन्या भूमिका देण्याऐवजी आमची रंगमंदिरे उभी राहू द्या, अशी ती मागणी होती.

समीक्षक रॉबर्ट ब्रस्टाइन यांनी याला फुटीरपणा म्हटले. २७ जानेवारी १९९७ रोजी न्यूयॉर्कच्या टाउन हॉलमध्ये या दोघांचा जाहीर वादविवाद झाला. विल्सनची बाजूही निर्दोष नव्हती. ज्या येल रेपर्टरीत त्यांचे नाव झाले ती ब्रस्टाइन यांनीच स्थापन केलेली, बहुसंख्य गोऱ्या प्रेक्षकांची संस्था होती. शिवाय त्यांचा आग्रह मानला, तर लहान शहरातल्या कृष्णवर्णीय नटाने वर्षाकाठी मिळणारी दोन कामेही सोडायची का, हा प्रश्न उरतोच.

गंमत म्हणजे ‘सेल्समन’चे कुटुंब कुठले, हा प्रश्न १९४९ पासूनच विचारला जात होता. मिलर ज्यू होते. लोमन कुटुंबाच्या बोलण्याला ज्यू घरांतला हेल आहे, पण नाटकात कुठेच ते ज्यू म्हटलेले नाहीत. १९५१ मध्ये ब्रुकलिनमध्ये या नाटकाचा यिडिश भाषेत प्रयोग झाला. तेव्हा एका समीक्षकाने लिहिले की मूळ नाटक हेच वाटते आणि इंग्रजीतले त्याचे भाषांतर. ‘सर्वांचा’ बाप होण्यासाठी विली लोमनला आपली ओळख पुसावी लागली होती.

१९८३ मध्ये मिलरने स्वतः बीजिंगला जाऊन चिनी नटांकडून हे नाटक बसवले. अमेरिकन दिसण्यासाठी तोंडाला रंग फासू नका, केसांचे टोप घालू नका, असा त्यांचा आग्रह होता. २०२२ मध्ये ब्रॉडवेवर वेंडेल पीअर्स यांनी विली साकारला तेव्हा लोमन कुटुंब कृष्णवर्णीय होते, पण मालक आणि शेजारी गोरे होते. तरुण गोरा मालक म्हाताऱ्या काळ्या विक्रेत्याला नोकरीवरून काढतो, तेव्हा त्याच संवादांना वेगळी धार येते. या प्रयोगाने नटाचा वर्ण झाकला नाही, उलट तो अर्थाचा भाग केला. विल्सनच्या आक्षेपाला याहून चांगले उत्तर दिले गेल्याचे दिसत नाही आणि ते उत्तर देताना त्यांचा मुद्दाही मान्यच केलेला आहे.

आपल्याकडे

हा वाद मराठीला नवा नाही. १९७२ मध्ये मुंबईत स्थापन झालेल्या दलित पँथरने नावच अमेरिकेतल्या ब्लॅक पँथरकडून घेतले होते. स्वानुभूती की सहानुभूती, या प्रश्नावर दलित साहित्याच्या चळवळीत वर्षानुवर्षे चर्चा झाली. १९८३ मध्ये विजय तेंडुलकरांचे ‘कन्यादान’ आले. समाजवादी ब्राह्मण बाप, त्याची मुलगी आणि तिने निवडलेला दलित कवी नवरा असे हे नाटक. ते एका उदारमतवादी बापाच्या भ्रमनिरासाचे नाटक आहे असे एका बाजूचे म्हणणे, तर त्यात दलित तरुण हिंसक दाखवला, हा दुसऱ्या बाजूचा संताप. नाटक दोन्ही वेळा तेच होते, पण ‘गाडी’ कोणाच्या हाती आहे यावरून ते कुठे निघाले आहे हे वेगवेगळे दिसत होते.

आणखी एक तुलना बोलकी आहे. नरेंद्र जाधव यांच्या ‘आमचा बाप आन् आम्ही’मधले वडील ट्रॉयसारखेच कष्टकरी. पण ते मुलांना शाळेकडे ढकलतात. स्वभावाचा फरक असेलच, पण त्याहून मोठा फरक असा की त्यांच्या मागे आंबेडकरी चळवळ उभी होती. दार आता उघडते आहे, मुलांना शिकवा, असे त्यांना कोणीतरी विश्वासाने सांगितले होते. ट्रॉय आपली लढाई एकटा लढतो आणि साल बदलले आहे हे त्याला पटेल अशा आवाजात सांगणारे कोणी त्याच्या आयुष्यात नाही. बापाने मुलाला सोडावे की अडवावे, हे पुष्कळदा बापाचा समाज किती संघटित आहे यावरही ठरते.

उघडलेले फाटक

२ ऑक्टोबर २००५ रोजी वयाच्या साठाव्या वर्षी विल्सन वारले. विसाव्या शतकाच्या प्रत्येक दशकावर एक, अशी दहा नाटके त्यांनी पुरी केली होती. ‘फेन्सेस’चा चित्रपट मात्र निघाला नव्हता. २०१० मध्ये केनी लिऑन यांच्या दिग्दर्शनाखाली नाटक पुन्हा ब्रॉडवेवर आले. ट्रॉय होते डेन्झेल वॉशिंग्टन आणि रोज होत्या व्हायोला डेव्हिस. हाच संच बव्हंशी घेऊन वॉशिंग्टन यांनी स्वतः चित्रपट दिग्दर्शित केला. पटकथा विल्सनचीच होती आणि चित्रण पिट्सबर्गच्या हिल डिस्ट्रिक्टमध्ये झाले. डिसेंबर २०१६ मध्ये चित्रपट प्रदर्शित झाला. हक्क विकल्याला एकोणतीस वर्षे झाली होती. त्याआधीची सलग दोन वर्षे ऑस्करच्या अभिनयाच्या वीसच्या वीस नामांकनांत एकही कृष्णवर्णीय नव्हता. या चित्रपटाला चार नामांकने मिळाली, मरणोत्तर पटकथेचेही, आणि व्हायोला डेव्हिस यांना पुरस्कार मिळाला.

प्रतिनिधित्वाचा प्रश्न एवढ्याने संपत नाही. ज्या अल्बर्टावरून हे घर मोडते ती नाटकात एकदाही रंगमंचावर येत नाही, तिचा मृत्यूही फोनवरून कळतो. जी रोज अठरा वर्षे स्वतःच्या इच्छा गाडून नवऱ्याच्या आयुष्यात रुजू पाहते, तिला नाटकातले सर्वांत प्रखर भाषण मिळते, पण नाटक उरते ते बापलेकांचेच. ‘आपली गोष्ट आपण सांगू’ म्हणणाऱ्या घरातही सांगणारा बहुतेक वेळा पुरुष असतो, याची जाणीव ठेवून हे नाटक वाचले पाहिजे.

विल्सनच्या हट्टाची किंमतही होती. एकोणतीस वर्षांत एक अख्खी पिढी हा चित्रपट न पाहता मोठी झाली. त्यांनी घातलेले कुंपण नको त्यांना बाहेर ठेवणारे होते, तसेच आपल्या माणसांनाही अडवणारे होते. ट्रॉयच्याही पदरी असेच काही पडते. चालकाची जागा मिळाल्यावर तो पुढे एकटा बसतो, बोनो मागे राहतो आणि बोलायला कोणी नाही अशी तक्रार तो करू लागतो. मिळवलेली जागा खरी असते, तिच्यातला एकटेपणाही खरा असतो. म्हणून ती जागा मागायचीच नव्हती, असे मात्र नाटक कुठेही म्हणत नाही.

शेवटच्या प्रवेशात रोज कोरीला बजावते, बापाच्या अंत्ययात्रेला न जाणे म्हणजे मोठे होणे नव्हे. बापाची लहान मुलगी रेनेल एक जुने गाणे म्हणू लागते. कुत्र्याचे ते गाणे ट्रॉयच्या बापाने रचलेले, ट्रॉय ते गुणगुणत असे. कोरी तिला साथ देतो. तो बापाला क्षमा करत नाही आणि झालेले नुकसानही विसरत नाही. पण अलाबामाच्या शेतातून आलेले ते गाणे दोघांनाही पाठ असते.